मसाच्चोच्या बाप्तिस्म्याच्या चित्रातील कुडकुडणारा माणूस: त्याचा आस्वाद कसा घ्यावा?

प्रश्न

नमस्कार. फ्लॉरेन्समधील सान्ता मारिया देल कार्मिने या चर्चच्या ब्रांकाची चॅपेलमधील (चर्चच्या आतील लहान प्रार्थनागृहातील) भित्तिचित्रे मी सध्या पुस्तकांतून आणि मोठ्या छायाचित्रांतून अभ्यासत आहे. त्यांत येशूचे शिष्य संत पीटर नवदीक्षितांना बाप्तिस्मा देत असल्याचे, पंधराव्या शतकातील चित्रकार मसाच्चोने रंगवलेले चित्र आहे. पिळदार अंगाचा एक तरुण पाण्यात गुडघे टेकून बसला आहे आणि पीटर वाडग्यातून त्याच्या मस्तकावर पाणी ओतत आहेत. चित्राचा मुख्य प्रसंग तोच आहे, हे मला समजते. तरीही माझी नजर दर वेळी त्याच्या मागे, उजवीकडे उभ्या असलेल्या माणसावर जाऊन खिळते. त्याच्या कमरेला केवळ एक वस्त्र आहे आणि दोन्ही हात छातीशी आवळून तो थंडीने काकडतो आहे. धार्मिक चित्रातील अशा आकृतीचे एवढे कौतुक वाटणे म्हणजे गाभा सोडून कडेचा तपशील धरून बसणे आहे का? या आकृतीत नेमके काय पाहावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १

आपली नजर जिथे खिळली, तिथे ती अनेक शतके खिळत आली आहे. सोळाव्या शतकात कलावंतांची चरित्रे लिहिणाऱ्या जॉर्जो वासारीने मसाच्चोच्या चरित्रात थंडीने थरथरणाऱ्या या नग्नाकृतीचा मुद्दाम उल्लेख केला आहे आणि कलावंतांना तिच्याविषयी किती आदर वाटत असे, हेही नोंदवले आहे. त्याच चरित्रात या चॅपेलमध्ये येऊन अभ्यास केलेल्या चित्रकारांची यादी आहे आणि तीत लिओनार्दो, मायकेलअँजेलो व राफाएल ही नावे आहेत.

काळाचा संदर्भही लक्षात घ्यावा. फेलीचे ब्रांकाची या रेशमाच्या व्यापाऱ्याच्या चॅपेलचे काम मासोलिनो हा चित्रकार आणि मसाच्चो यांनी साधारण १४२४ च्या सुमारास हाती घेतले. १४२३ साली याच शहरात जेंतिले दा फाब्रियानो या चित्रकाराने पूर्ण केलेले, बाळ येशूच्या दर्शनाला आलेल्या मागी राजांच्या आगमनाचे चित्र सोन्याने आणि भरजरी वस्त्रांनी झळाळते आहे. त्या झळाळीच्या शेजारी हा उघडा, थंडीने आखडलेला, कोणताही अलंकार नसलेला माणूस ठेवून पाहिला, तर मसाच्चोने काय धाडस केले ते ध्यानात येते. १४२८ साली रोममध्ये तो वारला, तेव्हा त्याने वयाची सत्ताविशीही पूर्ण केलेली नव्हती.

प्रतिसाद २

मी ओल्या गिलाव्यावर चित्र रंगवण्याचे, म्हणजे फ्रेस्कोचे, शिक्षण घेतले आहे, म्हणून हातकामाच्या अंगाने लिहितो. या पद्धतीत एका दिवसात रंगवून होईल एवढाच चुन्याचा ओला गिलावा भिंतीवर चढवतात आणि तो वाळण्यापूर्वी पाण्यात कालवलेले रंग त्यावर लावतात. हवेतील कार्बन डायऑक्साइडशी संयोग होऊन चुना घट्ट होतो आणि रंगाचे कण त्यातच बंदिस्त होतात. चूक झाली तर तेवढा गिलावा खरवडून पुन्हा चढवावा लागतो. (अजिंठ्याच्या चित्रांनाही आपण सर्रास फ्रेस्को म्हणतो, परंतु ती कोरड्या पृष्ठभागावर, रंगात चिकट द्रव्य मिसळून केलेली आहेत, त्यामुळे तिथे कलावंताच्या हाताला वेगळी मुभा होती.) म्हणजे या माणसाची बाह्यरेषा कुंचला उचलण्यापूर्वीच मसाच्चोच्या मनात पक्की असली पाहिजे.

आता मुख्य अडचण पाहा. थरथर ही हालचाल आहे आणि भिंतीवरचे चित्र हलत नाही. मसाच्चो ती हालचाल दाखवण्याच्या फंदातच पडत नाही. थंडी वाजली की माणूस आपले अंग कसे आक्रसून घेतो, एवढेच तो दाखवतो. हात एकमेकांवर घट्ट आवळलेले, खांदे आत ओढलेले, पाय जवळ घेतलेले, अशी संपूर्ण आकृती अरुंद होत जाते. पुढे बसलेल्या तरुणाचे रुंद, मोकळे खांदे आणि याचे आवळलेले खांदे एकाच नजरेत घेऊन पाहा. शिवाय चॅपेलची खरी खिडकी याच भिंतीच्या मध्यभागी, या चित्राच्या डावीकडे आहे आणि चित्रातला प्रकाशही तिकडूनच येतो असे धरून छाया टाकल्या आहेत. त्यामुळे त्या देहाला वजन येते. असा माणूस खरोखर तिथे उभा असावा असे वाटते, ते या छायांमुळे.

प्रतिसाद ३

वरील दोन्ही प्रतिसाद मोलाचे आहेत, परंतु या आकृतीला चित्रातून वेगळी काढून तिचे कौतुक करणे मला पटत नाही. खिडकीच्या पलीकडे, डाव्या बाजूला, मासोलिनोने पीटरचे प्रवचन रंगवले आहे. बायबलमधील ‘प्रेषितांची कृत्ये’च्या दुसऱ्या अध्यायात पीटरच्या प्रवचनानंतर सुमारे तीन हजार लोकांनी बाप्तिस्मा घेतल्याचे सांगितले आहे. तेव्हा हा माणूस म्हणजे प्रवचन ऐकून, कपडे उतरवून, आपली पाळी येण्याची वाट पाहणारा श्रद्धाळू आहे.

गुडघे टेकलेला तरुण हात जोडून निश्चल आहे. त्याच्या मुद्रेवरून किंवा देहावरून पाणी कोमट आहे की बर्फासारखे, हे कळायला मार्ग नाही. ते पाणी किती थंड आहे हे आपल्याला मागचा माणूस सांगतो, आणि ते कळले की मगच पुढच्याची शांतता केवढी मोठी आहे हे उमगते. दुसरीकडे, कुडकुडत असूनही मागचा माणूस निघून जात नाही. श्रद्धेने त्याची थंडी नाहीशी केलेली नाही, आणि थंडीने त्याची श्रद्धा डळमळलेली नाही. माझ्या मते धार्मिक आशय याहून स्पष्टपणे क्वचितच रंगवला गेला असेल. म्हणून आपण गाभा सोडलेला नाही. फक्त त्या दोघांकडे एकत्र पाहावे, एवढीच विनंती.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. दोघांना एकत्र पाहण्याची सूचना विशेष पटली. एक शंका राहते: या चर्चला आग लागली होती असे वाचले आहे. मग आज दिसते ते चित्र मसाच्चोच्याच हातचे मानावे का?

प्रतिसाद २ लिहिणाऱ्याकडून

होय. १७७१ च्या आगीत चर्चचा मोठा भाग जळाला, परंतु चॅपेलमधील बहुतांश चित्रे वाचली. धूर, काजळी आणि नंतरच्या लेपांनी ती काळवंडली होती. १९८० च्या दशकात ती काळजीपूर्वक साफ करण्यात आली. जुनी पुस्तके त्याआधीची छायाचित्रे छापतात आणि त्यांत हा माणूस तपकिरी दिसतो, म्हणून सफाईनंतरचीच छायाचित्रे अभ्यासासाठी घ्यावीत. प्रत्यक्ष जाणार असाल तर आगाऊ नोंदणी करावी आणि लहानशी दुर्बीण जवळ ठेवावी, कारण हे चित्र वरच्या ओळीत आहे आणि खालून त्याच्या आवळलेल्या हातांचा तपशील नीट दिसत नाही.