बुलेट ३५०चा बॉबर (मागून आखूड केलेली, एका सीटची गाडी) करताना मागची चासी कापावी का?

स्पोकचाक: माझं मत ठाम आहे, चासीला ग्राइंडर लावूच नका. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाने करायचा नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच सांगितलं. आरसीत व्हीलबेस (दोन चाकांच्या आसांमधलं अंतर), वजन आणि सीटसंख्या असते. शॉकअप काढून हार्डटेल (मागे सस्पेन्शनच नसलेली चासी) केली की व्हीलबेस बदलतो, एकटी सीट बसवली की दोनाची एक होते. कलम १८२-अ नुसार दर बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. हौस बोल्टने बसणाऱ्या वस्तूंवर भागवा.

टॉर्करेंच: आरसी जुळली म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी झाली, हे मला अजिबात पटत नाही. नुसतं उंच हँडल लावलेली बुलेट घ्या. गाडी आयडलला ठेवून हँडल पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे फिरवा. आरपीएम चढला तर ॲक्सिलरेटरची केबल तोकडी पडतेय, म्हणजे यू-टर्न घेताना गाडी आपोआप पळणार. ब्रेकचा होजही तसाच ताणला जातो. याउलट चासीचं काम नीट केलं तर सांधा पक्का होतो: पाइपचं तोंड माशाच्या जबड्यासारखं घासून बसवायचं, आत घट्ट स्लीव्ह (जोडनळी), बाहेरच्या पाइपला भोकं पाडून त्यांतून स्लीव्हला प्लग वेल्ड (भोकं वेल्डने भरणं), आणि सगळं जिगवर (चासी सरळ धरून ठेवणाऱ्या साच्यावर).

स्पोकचाक: जिग किती गॅरेजमध्ये असतो? शिवाय दिसायला छान म्हणून वेल्ड घासून गुळगुळीत करतात, तिथेच घात होतो. वेल्डचा मणी (वर आलेली धातूची रेघ) घासला की सांध्याची जाडी जाते. चीर बहुधा वेल्डच्या कडेला सुरू होते, आणि वर पुट्टी-रंग असल्यावर ती दिसणार कशी? हार्डटेलला शॉकअप नाही, म्हणजे प्रत्येक खड्डा थेट त्याच कडेवर. रंगाआधी डाय पेनिट्रंट (बारीक चिरेत शिरणारा लाल द्रव) मारा. त्यानंतर मारायच्या पांढऱ्या डेव्हलपरवर लाल रेघ उमटली तर सांधा कापून नव्याने करा, वरून दुसरा थर चढवू नका. आणखी एक, पावडर कोटिंगला देताना चासी नंबरवर उष्णता सोसणारी टेप लावून द्या. ब्लास्टिंगने (वाळूच्या माऱ्याने) आकडे बुजले तर पंधरा वर्षांनी आरसीच्या नूतनीकरणाच्या वेळी पेन्सिलने छाप काय घेणार?

टॉर्करेंच: वेल्ड न घासण्याबद्दल आणि टेपबद्दल शंभर टक्के मान्य. पण म्हणून कापूच नका, हे नाही.

चेनकव्हर: मधला रस्ता म्हणून लोक आखूड शॉकअप टाकतात, त्याचंही ऐका. मागून गाडी बसली की साइडस्टँड लांब पडतो, गाडी जवळपास सरळ उभी राहते आणि जरा धक्का लागला की उजवीकडे पडते. स्टँड तेवढा कापून घ्या. खड्ड्यात टायर मडगार्डला घासतो का, तेही बघा. चेनचा ढील चालवणारा बसलेला असताना, सर्वांत ताठ जागी मोजा. एलईडी इंडिकेटर भराभर लुकलुकत असतील तर रेझिस्टर नको, जुना फ्लॅशर (इंडिकेटर लुकलुकवणारा रिले) काढून एलईडीचाच बसवा. रेझिस्टर तापून शेजारचं वायरिंग वितळवतो.