प्रतिविज्ञान की छद्मविज्ञान? (‘कलकत्ता क्रोमोझोम’वरून)

प्रश्न:
आमच्या वाचनगटात सध्या अमिताव घोष यांची ‘द कलकत्ता क्रोमोझोम’ चालू आहे आणि त्यावरून सरळ दोन तट पडलेत. एक तट म्हणतो ही विज्ञान कादंबरीच नव्हे, त्यात न्यूयॉर्कमधला चोंबडा कॉम्प्युटर आहे, मलेरियाचा इतिहास आहे, एक बेपत्ता माणूस आहे, रेणुपूरच्या ओसाड रेल्वे स्टेशनावरची भुताची रात्र आहे, आणि शेवटी हातात काय तर धड उत्तर नाहीच. दुसरा तट म्हणतो अरे तीच तर मजा आहे. माझा प्रश्न छोटा आहे. त्यातला मुरुगन ज्याला काउंटर-सायन्स म्हणतो त्याला मराठीत काय म्हणायचं? मी ‘छद्मविज्ञान’ लिहिलं तर एका ताईंनी लगेच हरकत घेतली.

प्रतिसाद:
ताईंचं बरोबर आहे. छद्म म्हणजे सोंग. चुंबकाच्या गाद्या आणि फलज्योतिष हे छद्मविज्ञान, कारण ते विज्ञानाचे कपडे घालून येतं आणि आम्हालाही विज्ञान म्हणा असा हट्ट धरतं. कादंबरीतली मंगला आणि लाखन यांची गुप्त मंडळी असला काही दावाच करत नाहीत, ती बोलतच नाहीत मुळात. मुरुगनचा तर्क असा की एखादी गोष्ट कळली की ती बदलते, म्हणून ह्या लोकांना ना काही छापायचंय ना कुठे नाव लावायचंय, उलट मलेरियावर संशोधन करणाऱ्या रोनाल्ड रॉसला आपल्याला हवं तेवढंच कळू द्यायचं आणि पडद्यामागून आपलं काम साधायचं. म्हणजे विज्ञानाची जी रीत, पुरावा मांडा, छापा, दुसऱ्याला तपासू द्या, तिच्या बरोबर उलटी रीत. ‘प्रतिविज्ञान’ म्हणा.

प्रतिसाद:
प्रतिविज्ञान ऐकायला बरं वाटतं पण ‘प्रति’ने नक्की काय कळतं? प्रतिजैविकात तो विरोधात आहे, प्रतिबिंबात नक्कल आहे, प्रतिदिनमध्ये तर ‘दर’ आहे. वाचणारा समजणार विज्ञानविरोधी काहीतरी, अंधश्रद्धा वगैरे.

प्रतिसाद:
अहो तुम्ही प्रतिसृष्टी विसरलात! विश्वामित्राने त्रिशंकूसाठी काय केलं, स्वर्गाला नुसता विरोध नाही केला, दुसरा स्वर्गच उभा करायला घेतला. आणि साताऱ्याचं प्रतिसरकार. १९४३ च्या सुमारास क्रांतिसिंह नाना पाटलांच्या लोकांनी इंग्रज सरकारला नुसतं नको म्हटलं नाही, गावोगाव स्वतःचा न्यायनिवाडा चालवला, म्हणजे सरकारची सगळी कामं, पण आपल्या पद्धतीने आणि गुपचूप. हा चौथा ‘प्रति’, समोर उभा राहिलेला तोडीस तोड. मंगला तेच करते, प्रयोग तिचेही आहेत, निरीक्षणंही आहेत, फक्त प्रयोगशाळेत तिला झाडूवाली म्हणून ओळखतात. माझं मत प्रतिविज्ञानलाच.

प्रतिसाद:
शब्द छान आहे पण मी पहिल्या तटातला. रॉसने २० ऑगस्ट १८९७ ला सिकंदराबादला डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू पाहिला, हुसेन खान नावाच्या पेशंटला दर डासामागे एक आणा दिला, पुढे कलकत्त्याला पक्ष्यांवर काम करून डास हा रोग पसरवतो हे दाखवलं, १९०२ ला नोबेल, इथपर्यंत सगळं खरं आणि घोषांनी ते झकास वापरलंय. पण पुढे जे गुणसूत्र येतं ते म्हणे सगळ्या पेशींत नसतं, फक्त मेंदूत असतं, आईबापांकडून येत नाही आणि मलेरियाच्या मार्गाने एका माणसातून दुसऱ्यात उडी मारतं. मग त्याला गुणसूत्र कशाला म्हणायचं? तुम्ही ह्याला प्रतिविज्ञान म्हणता म्हणजे पळवाट काढून देता, मला ते छद्मच वाटतं. (एक मात्र आहे, आपला ‘गुणसूत्र’ हा शब्द इथे चपखल बसतो, कारण माणसाचे गुण म्हणजे अख्खा स्वभावच त्यातून जातो. इंग्रजी ‘क्रोमोझोम’च्या मुळाशी गुण नाही, रंग आहे, गुजरातीत म्हणूनच रंगसूत्र म्हणतात.)

प्रतिसाद:
दादा, तुमचा राग मला पुस्तकापेक्षा ‘विज्ञानकथा’ ह्या शब्दामुळे आलेला वाटतो. आपल्याकडे हा शब्द ज्यांच्यामुळे घराघरात गेला ते नारळीकर स्वतः शास्त्रज्ञ. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी ‘कृष्णविवर’ पाठवली तीही नारायण विनायक जगताप ह्या नावाने, आपल्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून, म्हणजे परीक्षकांवर नावाचं दडपण नको. तेव्हापासून विज्ञानकथा म्हटलं की मराठी वाचक आतलं विज्ञान तपासायला बसतो. पण आपल्याकडे गूढकथाही आहे, मतकरींची, धारपांची, आणि तिथे शेवटी उत्तर मिळालं नाही म्हणून कोणी पैसे परत मागत नाही. हीच कादंबरी गूढकथा म्हणून हातात दिली असती तर तुम्ही रेणुपूरचं प्रकरण दोनदा वाचलं असतं.

शिवाय सगळंच हवेतलं नाहीये. मलेरियाचा ताप देऊन सिफिलिसने मेंदू बिघडलेल्या रोग्यांवर उपचार करण्याबद्दल वॅग्नर-याउरेगला १९२७ चं नोबेल मिळालंच होतं. घोषांनी फक्त हे मंगलाला त्याच्या कितीतरी आधी कबुतरांच्या मदतीने करायला लावलं.

प्रतिसाद:
पण १९९७ चा आर्थर सी. क्लार्क पुरस्कार ह्याच पुस्तकाला आहे आणि तो विज्ञानकथेसाठीच देतात. तिकडच्या परीक्षकांना चाललं मग आपण काय दाराशी उभं राहून तिकीट तपासायचं? मला शेवट अर्धवट वाटला हेही सांगते, सगळे धागे एकदम घाईत ओढलेत, पण ती तक्रार लेखनाची झाली, प्रकाराची नाही.

प्रतिसाद:
अशा सरमिसळीला एक शब्द द्या राव. संकरित कादंबरी म्हटलं की मला बियाणं आठवतं. मिश्रप्रकारी म्हटलं की परीक्षेचा पेपर.

प्रतिसाद:
भेळ म्हणा. टीका करायची तरी चालतो आणि कौतुक करायचं तरी चालतो, फक्त प्रबंधात चालणार नाही.

मूळ प्रश्नकर्ता:
ठीक, प्रतिविज्ञान लिहितो. छद्मविज्ञान हा शब्द पुस्तक न आवडलेल्यांनी आपल्या बाजूने वापरावा, पण मुरुगनच्या तोंडी घालू नये, तो बिचारा त्या लोकांवर भाळलेला आहे. आता विशेषण काय करू? ‘प्रतिवैज्ञानिक प्रयोग’ लिहिलं तर कोणीतरी दुसरा वैज्ञानिक समोर येऊन उभा राहिल्यासारखं होतं.

प्रतिसाद:
‘प्रतिविज्ञानी’ करा. नाहीतर ‘प्रतिविज्ञानातले प्रयोग’, दोन अक्षरं जास्त पण अडखळायला होत नाही.