अनुभव धागा: वेगाचं चलान नक्की कशासाठी? नाशिककरांनो, लिहा

गोदाकाठची

आमच्या सोसायटीत परवा ई-चलानावरून चांगलीच जुंपली. एका काकांना महामार्गावर वेगाचं 2000 रुपयांचं चलान आलं होतं. निम्मे लोक म्हणाले, ही सरळ वसुली आहे. बाकीचे म्हणाले, वेग सांभाळला असता तर कोण कशाला दंड करेल? तासभर वाद झाला, पण रस्त्यावर प्रत्यक्ष काय पाहिलं ते कोणीच बोललं नाही. म्हणून हा धागा काढते आहे. मतं सगळ्यांकडे असतात, मला अनुभव हवे आहेत.

माझं म्हणणं आधी मांडते. वेगावर दंड हवाच. तो कुठे, किती वाजता आणि कोणाच्या नजरेसमोर होतो यावरून तो कशासाठी आहे ते कळतं. माणसं मरतात तिथे वेग कमी झाला पाहिजे. तसं होत नसेल तर पावत्या कितीही फाडा, सुरक्षेशी त्यांचा संबंध उरत नाही.

नियमांची थोडी उजळणी: मोटार वाहन कायद्यात 2019 साली दुरुस्ती झाली आणि महाराष्ट्रात वाढीव दंड डिसेंबर 2021 पासून लागू झाले. केंद्राने 2018 मध्ये कारसाठी कमाल मर्यादा ठरवली ती अशी: द्रुतगती मार्गावर 120, चौपदरी महामार्गावर 100, पालिका हद्दीत 70. राज्याला आणि स्थानिक यंत्रणेला ती कमी करता येते. म्हणूनच त्या त्या ठिकाणचा फलक महत्त्वाचा.

आता तुम्ही लिहा. कोणा अधिकाऱ्याचं नाव घेऊ नका, कृपया.

पिंपळगावचा पिकअपवाला

ताई, आमचं दुखणं वेगळंच आहे. सीझनला टोमॅटो भरून वाशीला जातो. गाडी शेठची, मोबाईल नंबर शेठचा, त्यामुळे चलानाचा मेसेजही शेठलाच जातो. मला कळतं ते महिन्याच्या हिशेबाला, जेव्हा पगारातून पैसे कापले जातात. कुठला रस्ता, कुठला दिवस, काही आठवत नाही. मग त्या दंडातून मी काय शिकायचं?

आता वेग का होतो तेही ऐका. इथून निघायला माल भरून रात्रीचे नऊ-दहा होतात. पहाटे मार्केट सुरू व्हायच्या आत गाडी लागली नाही तर भाव पडतो, शेतकऱ्याचा फोन येतो, शेठचा येतो. कसारा घाटात जाम लागला की गेलेला वेळ खाली सपाटीवर भरून काढायचा असतो. मला पळव म्हणणारा घरी झोपलेला असतो, त्याच्या खिशातून दंड कधी जात नाही. ज्याने गाडी ठरवली आणि वेळ ठरवली, त्यालाही कधीतरी धरा.

आणि उसाची ट्रॉली! मागे लाईट नाही, रिफ्लेक्टर नाही. रात्री साठच्या वेगातसुद्धा ती अंगावर आल्यावरच दिसते. तिला कोणी अडवलेलं मी तरी बघितलं नाही भो.

रात्रपाळी

मी इथल्या एका रुग्णालयात अपघात विभागात परिचारिका आहे. धाग्यावर "वसुली" हा शब्द येणार हे माहीत होतं, म्हणून लगेच लिहिते.

रुग्ण आला की आधी आम्ही कपडे कापतो. जाड जीन्स कापायची कात्री वेगळी असते, तिला टोकाला बोथट चपटी पट्टी असते, म्हणजे जखमेत घुसत नाही. ती कात्री हातात असतानाच बहुतेक वेळा नातेवाईक मागून सांगतात, "सिस्टर, हळूच चालला होता हो." मी त्यांच्याशी वाद घालत नाही. पण मांडीचं हाड, ओटीपोट आणि डोकं एकाच वेळी फुटतं तेव्हा गाडी हळू नव्हती हे आम्हाला बघताक्षणी कळतं. आमच्या नोंदवहीत वाहन कोणतं, हेल्मेट होतं का, वेळ काय, हे सगळे रकाने आहेत. वेगाचा नाही.

जागतिक आरोग्य संघटनेचं गणित असं आहे: सरासरी वेग 1 टक्का वाढला की जीवघेण्या अपघाताचा धोका 4 टक्के वाढतो. कारचा वेग ताशी 50 वरून 65 वर गेला तर समोर आलेल्या पायी माणसाचा मरणाचा धोका साडेचार पट होतो. फक्त पंधराचा फरक. म्हणून पोलीस लपून उभे असोत की उघड्यावर, मला ते उभे असलेले हवे आहेत. दोन हजार रुपये भरून घरी जाणारा माणूस माझ्या टेबलावर येत नाही.

बिल्ला उतरवलेला

वाहतूक शाखेत बरीच वर्षं काढली, आता निवृत्त आहे. सिस्टरांचं म्हणणं शंभर टक्के मान्य. तरीही गोदाकाठच्या ताईंनी विचारलेला प्रश्न मला नोकरीत असतानाही पडायचा.

स्पीडगन, म्हणजे वेग मोजायचं यंत्र, कुठे लावायची हे बरंचसं ते यंत्रच ठरवतं. लेझर गाडीवर नीट पकडायचा, नंबरप्लेट स्पष्ट यायला हवी, म्हणून समोर लांबवर सरळ रस्ता लागतो. गाडी उभी करायला सुरक्षित जागा लागते. उजेड लागतो. म्हणजे झाला रुंद, सरळ, भरदुपारचा रस्ता. अपघात मात्र होतात वळणावर, चौकात, दुभाजक तोडून केलेल्या वाटांवर आणि रात्री. यंत्राच्या सोयीची जागा आणि माणसं मरण्याची जागा, दोन्ही एक होत नाहीत. यात कोणाची लबाडी आहे असं मी म्हणत नाही. पण संध्याकाळी वरून फोन येई तो "किती केसेस झाल्या?" असा. "त्या चौकात या महिन्यात किती अपघात कमी झाले?" असं कधी कोणी विचारलं नाही. शिपाई जे विचारलं जातं त्याच्या मागे धावतो. आणि दंडाचे पैसे सरकारी तिजोरीत जातात, आमच्या शाखेला त्यातून नवा टॉर्चसुद्धा मिळत नव्हता, हेही लक्षात घ्या.

अजून एक बोलतो. केंद्राच्या 2022 च्या अहवालात देशभरात रस्त्यावर 1,68,491 माणसं गेली आणि त्यातल्या 71 टक्क्यांहून जास्त मृत्यूंचं कारण अतिवेग दिलंय. हा आकडा येतो पोलिसांच्या नोंदीतून. फिर्याद लिहिताना "भरधाव वेगाने, हयगयीने व अविचाराने" ही ओळ हात आपोआप लिहितो, कारण कलमाला तेच लागतं. पूर्वी भारतीय दंड विधानाचं 279 आणि 304-अ, आता भारतीय न्याय संहितेचं 281 आणि 106. खड्डा, बंद पथदिवा, चुकीचा उतार हे पंचनाम्यात आलं तर आलं. वेग मारतो यात शंका नाही. पण सगळं वेगावर टाकलं की रस्ता बांधणारा सुटतो.

काळा कोट, सीबीएस

हवालदार साहेबांनी नस पकडली. 2019 च्या दुरुस्तीत कलम 198-अ आलं आहे. रस्त्याची रचना, बांधकाम, देखभाल ठरलेल्या मानकांनुसार नसेल आणि त्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आलं, तर ठेकेदार, सल्लागार किंवा संबंधित यंत्रणेला 1 लाखापर्यंत दंड. चालकाचा दंड रोज लाखो मोबाईलवर पोचतो. हे कलम माझ्या वकिलीत मी एकदाही लागलेलं पाहिलेलं नाही.

चलान आलं तर काय बघायचं, ते सांगतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांत ऑगस्ट 2021 मध्ये नियम 167-अ आला. त्यानुसार कॅमेऱ्याची नजर असलेल्या टप्प्याआधी ठळक सूचनाफलक हवा. सूचना घटनेपासून 15 दिवसांच्या आत पाठवायला हवी. चलानासोबत नंबर दिसेल असा फोटो, मोजलेला वेग, तारीख, वेळ, ठिकाण हवं. यंत्राचं प्रमाणपत्र दर वर्षी नव्याने घ्यावं लागतं. यातलं काही नसेल तर ऑनलाईन तक्रार करा, फलक नसल्याचा फोटो जोडा. लोकअदालतीत तडजोड होते हे खरं, पण दर वेळी तिची वाट बघत चलानं साठवून ठेवणाऱ्या पक्षकारांना मी परत पाठवतो.

नियमातच लिहिलंय की यंत्रं जास्त धोक्याच्या आणि जास्त वर्दळीच्या मार्गांवर, तसंच दहा लाखांवर वस्ती असलेल्या शहरांत महत्त्वाच्या चौकांत लावा. नाशिक त्यात येतं. म्हणजे ताईंचं म्हणणं कायद्यातच आहे, अंमल तेवढा राहिलाय.

नांदूर नाका

8 ऑक्टोबर 2022 ची पहाट आमच्या भागात कोणी विसरलेलं नाही. मिरची हॉटेलच्या चौकात खासगी बस आणि ट्रेलरची धडक झाली, बस पेटली, बारा जण गेले. यवतमाळहून मुंबईला निघालेली माणसं, झोपेतली. दिवस उजाडल्यावर मी तिथे गेले होते. बसचा नुसता सांगाडा उभा होता.

पहाटे पाच-सव्वापाचला त्या चौकात कोण स्पीडगन घेऊन उभं राहणार होतं? त्या वेळी चौकातून जाणाऱ्याला स्वतःहून पाय ब्रेकवर ठेवावासा वाटला पाहिजे. ते काम गतिरोधक, उजेड, मोकळी दिसणारी कड आणि चोवीस तास चालू सिग्नल करतात. सिंहस्थासाठी आता शहरात सगळीकडे रस्ते खणलेत. 2027 ला लाखो माणसं यायची आहेत. चौक नीट करायचे तर हीच वेळ आहे.

समृद्धीवरचा

शिर्डी, संभाजीनगर नेहमीचं. माझा अनुभव छोटा आहे. एका जागी उभा असलेला कॅमेरा सगळ्यांना पाठ होतो. तेवढ्यापुरता ब्रेक, पुढे पुन्हा 130. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर जुलै 2024 पासून कमानींवर कॅमेरे आले. तिथे बहुतेक लोक रस्ताभर शंभरच्या आत राहतात, कारण पुढची कमान येणारच असते. चिडचिड सगळे करतात, पण उजव्या लेनमध्ये मागून दिवे मारणारे कमी झालेत हे मी स्वतः अनुभवतोय. नाशिक-पुणे रस्त्यावर मोहदरी घाटाच्या दोन्ही बाजूंना असं काही झालं तर मी स्वागत करीन.

गंगापूर रोडची आई

आमच्या मुलांच्या शाळेचा अनुभव इथे लिहायलाच हवा. शाळा सुटली की पोरं थेट रस्त्यावर येतात आणि समोरून गाड्या सुसाट. आम्ही पालकांनी सह्यांचा अर्ज दिला. एका अधिकाऱ्यांनी ऐकलं. शाळा भरायच्या आणि सुटायच्या वेळेला इंटरसेप्टर, म्हणजे पोलिसांची वेग मोजणारी गाडी, अगदी फाटकासमोर, दुरून दिसेल अशी उभी राहू लागली. सोबत "पुढे वेगतपासणी" असा मोठा फलक. पहिल्या काही दिवसांत चलानं झाली असतील. नंतर गाडीतला शिपाई बराच वेळ नुसता बसून असायचा, कारण लोक लांबूनच हळू व्हायला लागले होते. रिक्षावाले काकासुद्धा हात करून पोरांना आधी जाऊ द्यायचे.

मग त्या अधिकाऱ्यांची बदली झाली. नव्या साहेबांना कोणीतरी सांगितलं असावं की इथे केसेस होत नाहीत. गाडी बाहेर महामार्गावर गेली. आमच्या रस्त्यावर वेग पुन्हा तोच.

काळा कोट यांनी सांगितलेला नियम 167-अ आता आमच्या नव्या अर्जात घालते आहे. केसेस होत नाहीत म्हणून गाडी हलवू नका, हेही त्यात ठळक लिहिणार आहे. या सोमवारी अर्ज द्यायचा आहे. गंगापूर रोड, कॉलेज रोड भागातल्या ज्या पालकांना सही करायची असेल त्यांनी शाळा सुटायच्या वेळी फाटकापाशी या.