'घर विषमुक्त करा' म्हणे!

चष्मेवाला: सकाळपासून चार गटांत फिरून एक पोस्ट माझ्यापर्यंत आली. 'या २१ वस्तू आजच घराबाहेर काढा, नाहीतर मुलांची खैर नाही.' नॉनस्टिक, प्लास्टिकचे डबे, डिटर्जंट, डांबरगोळ्या, रूम फ्रेशनर, सगळं एकाच रांगेत. आणि खाली लिंक कसली? लेखिकाबाईंच्याच 'शुद्ध' क्लीनरची! नॉनस्टिकचा लेप साधारण २६० अंशांच्या वर बिघडायला लागतो. मग रिकामं भांडं मोठ्या आचेवर ठेवू नका, एवढंच सांगा ना. पण त्यात विकायला काही नाही.

दोन_पोरांची_आई: त्यातल्या दोन गटांत ती पोस्ट मीच टाकली होती, लिंक काढून. 'थोड्या मात्रेत सगळं सुरक्षित' हे तुमच्यासारख्यांचं पालुपद ऐकून कान किटलेत. प्लास्टिकमधलं बीपीए हे रसायनसुद्धा मात्रेत सुरक्षितच होतं ना? मग २०११ मध्ये युरोपने ते बाळांच्या बाटल्यांतून का काढलं? ट्रायक्लोसान या जंतुनाशकाचे साबण वर्षानुवर्षं खपवले. साध्या साबण-पाण्यापेक्षा त्यांचा जास्त फायदा होतो हे कंपन्यांना सिद्ध करता येईना, तेव्हा कुठे २०१६ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न-औषध नियामकाने, ते बंद केले. तोवर हात कोणाची पोरं धूत होती?

चष्मेवाला: आणि 'बीपीए-फ्री' म्हणून जे नवे डबे घेतलेत, त्यांतल्या कित्येकांत त्याचाच भाऊ बीपीएस असतो. फेका अजून.

आजीचा_बटवा: भांडता कशाला? व्हिनेगर आणि खायचा सोडा एकत्र करून फवारायचं. आमच्या घरात दुसरं काही येतच नाही.

निवृत्त_केमिस्ट: एकत्र केलंत की फेस येतो, कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि उरतं बहुतांशी सोडियम अ‍ॅसिटेटचं पाणी. वेगवेगळे वापरा, काहीतरी उपयोग होईल. आणि व्हिनेगर काय, टॉयलेटचं अ‍ॅसिड काय, ब्लीचमध्ये पडलं तर क्लोरीन वायू सुटतो. अमोनियावाला काचेचा क्लीनर पडला तर क्लोरामाइन. अशाने माणसं खरोखर हॉस्पिटलात जातात. २१ वस्तूंच्या यादीत या एका वाक्याला जागा नव्हती!

आजीचा_बटवा: टोमणे नकोत. मळ सुटताना मी डोळ्यांनी बघते. आणि डांबरगोळ्यांनी काय घोडं मारलंय? गरम कपड्यांच्या ट्रंकेत आमच्याकडे पिढ्यानपिढ्या असतात.

रात्रपाळी: डांबरगोळ्यांवर मी गप्प बसणार नाही. नवजात कक्षात नोकरी केली आहे. एक बाळ आलं, पिवळंधमक, लघवी काळ्या चहासारखी, हिमोग्लोबिन घसरत चाललेलं. आईला विचारून विचारून थकलो. शेवटी दुपटं उलगडलं तर नॅफ्थलीनचा, म्हणजे डांबरगोळ्यांचा, भपकारा. ठेवणीतलं म्हणून ट्रंकेतून काढून, न धुता तसंच गुंडाळलं होतं. बाळाला जी६पीडी, म्हणजे लाल पेशींना जपणाऱ्या एन्झाइमची, जन्मजात कमतरता निघाली. अशा मुलांच्या लाल पेशी नॅफ्थलीनने फुटतात. गोळी गिळायलाच हवी असं नाही.

आजीचा_बटवा: माझी तिन्ही मुलं तसल्याच दुपट्यांत वाढली. ठणठणीत आहेत.

रात्रपाळी: असतील. तुमच्या मुलांत तो एन्झाइम पुरेसा असेल. कमतरता कोणाच्या कपाळावर लिहिलेली नसते, बाई.

आजीचा_बटवा: 'बाई' कोणाला म्हणता? वयाचा तरी मान ठेवा.

तिखटमीठ: डांबरगोळ्यांऐवजी कापूर ठेवा. नैसर्गिक. विषय संपला.

निवृत्त_केमिस्ट: संपला कसा? बाजारातला बराचसा कापूर टर्पेंटाइनपासून कारखान्यात बनतो. आणि झाडाचा असला तरी लहान मुलाने गिळला तर काही मिनिटांत झटके येऊ शकतात. कपडे धुवून, पूर्ण वाळवून, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. कसर धुतलेल्या कपड्यांपेक्षा घामाच्या, डागाच्या कपड्यांना जास्त लागते.

तिखटमीठ: सगळ्यावर तुमचं उत्तर 'झाकण लावा'. चाळीस वर्षं कारखान्यांची चाकरी केली की असं होतं.

निवृत्त_केमिस्ट: कारखान्यात निदान डब्यावर काय आहे ते लिहिलेलं असायचं. घरातल्या बाटलीवर नुसतं 'सुगंध' लिहून मोकळे होतात. यावर मी त्या पोस्टवालीच्या बाजूने आहे, नोंद घ्या.

दोन_पोरांची_आई: घेतली. चष्मेवाला, डांबरगोळ्या यादीत बरोबर होत्या की नाही? जरा मोठ्याने.

चष्मेवाला: बरं, डांबरगोळ्या तुमच्या. टाळ्या. रूम फ्रेशनरही घ्या, बायकोच्या दम्यामुळे आमच्याकडे केव्हाच बंद आहे. लिंबाच्या वासाचा होता. हवेतल्या ओझोनशी त्याची गाठ पडली की फॉर्माल्डिहाइड नावाचा त्रासदायक वायू तयार होतो. उरलेल्या एकोणीस वस्तूंवर बोलायचंय का कोणाला?

रात्रपाळी: रांगतं मूल असेल तर आधी जमिनीवरच्या धुळीवर बोला. जुन्या रंगातलं शिसं, फर्निचरमधली आग-रोधक रसायनं, सगळं तिथे उतरतं आणि हाताबरोबर तोंडात जातं. ओल्या फडक्याने पुसा, कोरडा झाडू मारून उडवू नका. खिडकी उघडा. विकत काहीच घ्यावं लागत नाही.

आजीचा_बटवा: त्या गोळ्या टाकायच्या कशा तेवढं सांगा. संडासात टाकून पाणी ओढलं तर चालेल?

निवृत्त_केमिस्ट: अजिबात नाही! झाकणाच्या बरणीत बंद करून घातक कचऱ्यात. आणि दुपटी धुतल्यावरही वास येत असेल तर बाळाला लावू नका.

आजीचा_बटवा: ठीक. व्हिनेगर-सोडा मात्र एकत्रच करणार.