कंबर दुखते, घरी व्यायामाचं सामान घ्यायचं हाय, काय घेऊ?

कपाशीवाला_दारव्हा
राम राम मंडळी. वय ३८, शेती करतो. मागच्या हंगामापासून कंबर दुखून राहिली, फवारणीचा पंप पाठीवर घेतला का दुसऱ्या दिवशी खाटेवरून उठतानी लयच त्रास होते. यवतमाळले हाडाच्या डॉक्टरले दाखवलं, एक्सरे काढला, ते म्हणे मणक्यात मोठं काही नाही, स्नायू कमजोर हायेत, व्यायाम करा. पायात कळ नाही, मुंग्या नाही. गावात जिम नाही अन् रोज तालुक्याले जाणं पेट्रोलच्या भावात परवडत नाही. मोबाईलवर ५० किलोचा होम जिम सेट दिसून राहिला, बेंच, रॉड, प्लेटा सगळं एकात. बजेट सात-आठ हजार. घेऊ का? बॉडी नाही बनवायची, वेचणीच्या दिवसात कंबर टिकली पायजे बस.

फिजिओताई_अमरावती
दादा, डॉक्टरांना दाखवून आलात हे चांगलं केलं. वाचणाऱ्या सगळ्यांसाठी आधी सांगते, लघवी-संडासवरचा ताबा गेला, बसायची जागा बधिर झाली, पाऊल उचलेना झालं किंवा कंबरदुखीसोबत ताप असला तर सामान-बिमान राहू द्या, त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जा.

आता तुमचा सेट. मी सांगेन आत्ता नको. या सेटमधल्या स्वस्त प्लेटा म्हणजे वरून पीव्हीसी आणि आत सिमेंट, आकाराला लहान असतात. स्पर्धेतली मोठी प्लेट ४५ सेंटीमीटर व्यासाची असते म्हणून रॉड जमिनीपासून २२ सेंटीमीटरच्या वर राहतो, लहान प्लेटांवर तोच रॉड पार खाली जातो आणि उचलायला तुम्हाला जास्त वाकावं लागतं, म्हणजे दुखणाऱ्या जागेवरच जास्त ताण. कंबर दुखत असताना मी सामानाचं एवढंच बघते की ते मांडीच्या उंचीवरून उचलता येतं का, आणि वजन एक-दोन किलोनं वाढवता येतं का. तुमच्या बजेटात रबरी बँडचा सेट (हलका ते जड असे वेगवेगळे), प्लेटा बदलता येतील अशी डंबेलची जोडी आणि खाली अंथरायला जाड सतरंजी, एवढं पुरे.

आणि सामान यायच्या आधीच सुरुवात करा. काठी पाठीवर उभी धरायची, डोक्याचा मागचा भाग, खांद्यांच्या मधली जागा आणि माकडहाड, तिन्ही काठीला टेकलेले राहिले पाहिजेत, मग गुडघे थोडे सैल सोडून कुल्ले मागे नेत वाकायचं. एक जरी जागा सुटली तरी समजा पाठ वाकली. हे जमल्याशिवाय हातात वजन नको. कॅनडाचे स्टुअर्ट मॅकगिल मणक्याचे मोठे अभ्यासक, त्यांचे तीन व्यायाम तर बिनसामानाचे आहेत: गुडघ्या-हातांवर होऊन एका बाजूचा हात आणि दुसऱ्या बाजूचा पाय लांब करणं, कुशीवरचा प्लँक (कुशीवर होऊन कोपराच्या आधारानं अंग सरळ उचलून धरणं), आणि उताणं झोपून कमरेखाली हात ठेवून डोकं-खांदे जरासे उचलणं. पूर्ण उठाबशीवाले सिटअप नकोत.

जुना_पैलवान_अकोट
ताई बरोबर बोलल्या. भाऊ, एक खर्च वाचवतो तुमचा, घरी तेलाची पाच लिटरची रिकामी कॅन असंनच, पाण्यानं भरली का पाच किलो, रेतीनं भरली का आठच्या आसपास. एकाच हातात धरायची अन् ताठ उभं राहून अंगणात चालायचं, मग हात बदलायचा. एका बाजूले वजन असलं का दुसऱ्या बाजूच्या कमरेले शरीर सरळ ठेवाले जोर लावा लागते, हाच तो व्यायाम. कॅन खाली नका ठेवू, ओट्यावर ठेवा अन् तिथूनच घ्या. पंपाचंही तसंच करत जा, १६ लिटरचा भरलेला पंप जमिनीवरून पाठीवर ओढण्यापक्षा बैलबंडीवर ठेवून भरा अन् पाठ लावून पट्टे घाला. मुद्गल मले लय प्रिय पण आत्ता नाही, त्यात कंबर फिरते, वर्षभरानं पाहू. अन् बँड टिनाखाली उन्हात नका टांगू, आपल्याकडच्या उन्हाळ्यात रबर तडकते, ताणल्यावर तुटलं तर सरळ तोंडावर. दाराच्या कडीले नाही, खिडकीच्या गजाले बांधा.

वर्धेकर_माय
मला पण हेच दुखणं आहे म्हणून सगळं वाचून काढलं, वेचणीत कमरेला बांधलेलं फडकं कापसानं भरत जातं आणि संध्याकाळी सरळ उभंच राहवत नाही. ताई, दुकानदार म्हणतो कमरेचा पट्टा घ्या, तो लावूनच व्यायाम करू का? आणि सकाळी पाचलाच वेळ मिळतो बाई मला.

फिजिओताई_अमरावती
ताई, पट्ट्यावर पैसे नका घालू. जागतिक आरोग्य संघटनेनं डिसेंबर २०२३ मध्ये जुन्या कंबरदुखीबद्दल सूचना काढल्या, त्यात पट्टे नेहमीचा उपाय म्हणून वापरू नका असंच आहे, व्यायाम करा असं आहे. सकाळचं म्हणाल तर रात्रभर झोपल्यावर मणक्यामधल्या चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात, उठल्या-उठल्या वाकणं त्यांना जड जातं. पाचला उठून चहा, न वाकता होणारी कामं होऊ द्या, तासाभरानं करा, नाहीतर सरळ संध्याकाळी. आणि वजनाचा व्यायाम आठवड्यातून दोन दिवस झाला तरी चालतो, रोजच पाहिजे असं काही नाही.

कपाशीवाला_दारव्हा
लय आभार मंडळी, सेट कॅन्सल. बँड अन् डंबेल मागवतो, काठी तर आजच घेतो. डंबेल किती किलोचे पाहू? अन् करतानी थोडं दुखलं तर थांबू का?

फिजिओताई_अमरावती
एका हाताला दोनपासून दहा किलोपर्यंत जाईल असं बघा, लॉक फिरवून घट्ट बसणारे घ्या, नुसत्या स्प्रिंगचे नको. सुरुवातीला एकच डंबेल छातीशी धरून खाटेवर बसायचं-उठायचं. हलकं दुखलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पहिल्यासारखं झालं तर चालू ठेवा. वाढलं तर वजन कमी करा. कळ पायात उतरायला लागली तर मात्र थांबा आणि डॉक्टरांना परत दाखवा.