मदत हवी आहे: ग्वाल्हेरात रेकॉर्ड प्लेअरची सुई कुठे मिळेल?

नमस्कार मंडळी, ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, महाराज बाड्याजवळ राहतो. ब्लर ह्या इंग्लिश बँडवाला डेमन अल्बार्न आहे ना, त्याच्या गोरिलाझ बँडचा 'द माउंटन' अल्बम भाच्याने एलपीवर (मोठ्या तबकडीवर) पाठवलाय, कव्हरवर चक्क देवनागरीत 'पर्वत'! आणि पाहुणे तरी किती, अनुष्का शंकर, बासरीला अजय प्रसन्ना, सरोदवर अमान-अयान म्हणजे आपल्या इथल्या सरोद घराचीच, अमजद अली खानांची मुलं, आणि वर आशाताई. आई म्हणते ह्या वयात आशाबाई इंग्रजांबरोबर कशाला गायल्या, मी म्हटलं अगं 1991 मध्ये बॉय जॉर्ज ह्या इंग्लिश गायकाबरोबर पण गायल्या होत्या, तर म्हणे मग लाव.

लावू कशावर? बाबांचा जुना प्लेअर चालतो, पट्टा नवीन घातलाय, पण सुई 78 वाली (मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्यांची), जाड, ती एलपीवर ठेवली तर खाच खराब होते म्हणतात. 33 ची, म्हणजे एलपीची, बारीक सुई कार्ट्रिजसकट (सुई बसते तो भाग) इथे कुठे मिळेल? दालबाजारात एकाने सरळ हसून परत पाठवलं. इंदूरला कोणी दुरुस्तीवाला माहीत असेल तरी सांगा, पुढच्या आठवड्यात जातोच आहे. मोबाइलवर ऐकवा म्हणू नका प्लीज, आईला तबकडी फिरताना बघायचीय.