काउंटीची सरासरी

'ज्याचं पीक बुडालं त्याला अमेरिकेत सरकार भरून देतं' असं म्हटलं जातं, ते अर्धंच खरं आहे. एआरसी-काउंटी ही तिथली उत्पन्न घटलं तर भरपाई देणारी सरकारी योजना (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग). तिच्यात तुमच्या शेताचं उत्पन्न कुणी बघत नाही, अख्ख्या काउंटीचं बघतात. तुमचा मका गारपिटीनं झोपला आणि बाकी काउंटीत बंपर पिकलं, तर या योजनेतून छदामही नाही! (आपल्या पीक विम्यातल्या महसूल मंडळासारखंच रडगाणं.) पुन्हा पैसे यंदाच्या पेऱ्यावर नाहीत. जमिनीच्या नावे जुन्या पेऱ्यावरून जे 'बेस एकर' नोंदलेत, त्यांच्या ८५ टक्क्यांवरच. तेही उशिरा. २०२३ च्या पिकाचे पैसे निघाले ऑक्टोबर २०२४ पासून.